शिर सलामत तो हेल्मेट पन्नास! सुंदर आणि सुरक्षित हेल्मेट कसे निवडावे?



रविवारी सकाळी लवकर ओल्ड नॉर्दर्न रोडवर गेलात तर मोटरसायकलींचे तांडेच्या तांडे उत्तरेकडे निघालेले दिसतात. कॅसल हिलवरून ड्युरल, ग्लेनोरी आणि पुढे थेट वाइझमन्स फेरीपर्यंत जाणारा हा वळणावळणाचा रस्ता बाइकवाल्यांचा फार लाडका. शेवटी हॉक्सबरी नदी आणि पलीकडे नेणारी तर. आता या तांड्यांमध्ये आपली मुलेही दिसू लागली आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये १६ वर्षे ९ महिने पूर्ण झाले की मोटरसायकलचे लर्नर लायसन्स मिळू शकते. त्यासाठी आधी प्रशिक्षणाचा कोर्स करावा लागतो. कोर्स झाला की घरात पहिला वाद होतो तो बाइकवरून, आणि दुसरा हेल्मेटवरून!

आई-बाबांचे म्हणणे, "मजबूत असेल ते घे." चिरंजीवांचे किंवा कन्यारत्नाचे म्हणणे, "ते घालून मी अंतराळवीर दिसेन." आम्हाला वाटते की दोघांचेही बरोबर आहे. जे हेल्मेट घालायला आवडत नाही ते हळूहळू गॅरेजच्या फळीवर जाऊन बसते, आणि फळीवरचे हेल्मेट कोणाचेही डोके वाचवत नाही. पण नुसते देखणे हेल्मेट म्हणजे डोक्यावरचा दागिनाच. सुरक्षितता आणि सौंदर्य दोन्ही एकाच हेल्मेटात मिळू शकते. फक्त निवडण्याचा क्रम चुकता कामा नये: आधी लेबल, मग आकार, मग माप आणि सर्वांत शेवटी रंग. या लेखात आपण याच क्रमाने जाऊ. पण त्याआधी थोडा इतिहास, कारण त्यात एक ऑस्ट्रेलियन माणूस दडलेला आहे.

हेल्मेटामागचा ऑस्ट्रेलियन डॉक्टर

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. खरे टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलचे मोठे शौकीन होते. मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना त्यांची ब्रफ सुपीरियर मोटरसायकल घसरली, डोक्याला जबर मार लागला आणि सहा दिवसांनी ते गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये एक तरुण न्यूरोसर्जन होते, ह्यू केर्न्स. जन्म १८९६ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावचा. ही घटना त्यांच्या मनातून गेली नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनमध्ये रात्री दिवे बंद असत, आणि सैन्याचे निरोप नेणारे शेकडो मोटरसायकलस्वार अंधाऱ्या रस्त्यांवर धावत असत. केर्न्स यांनी १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मरण पावले होते. याउलट हेल्मेट घातलेले जे सात अपघातग्रस्त त्यांच्या पाहण्यात आले, ते सगळे वाचले होते. सात हा आकडा लहान आहे, पण सैन्याने तो गांभीर्याने घेतला. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

सामान्य नागरिकांसाठी असा कायदा करणाऱ्यांत मात्र ऑस्ट्रेलिया पुढे होता. व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी १९६१ पासून हेल्मेट सक्तीचे झाले. ब्रिटनमध्ये ते व्हायला १९७३ साल उजाडले. केर्न्स १९५२ सालीच वारले, त्यामुळे त्यांना हे दोन्ही पाहायला मिळाले नाही.

आत नक्की असते तरी काय?

हेल्मेट म्हणजे कडक टोपी असा अनेकांचा समज असतो. म्हणजे जितके कडक तितके चांगले! प्रत्यक्षात खरे काम आतला मऊ भाग करतो.

बाहेरचे कवच एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे, फायबरग्लासचे किंवा कार्बन फायबरचे असते. त्याचे काम म्हणजे टोकदार वस्तू आत घुसू न देणे, आघात मोठ्या भागावर पसरवणे आणि रस्त्यावर घासत जाताना टिकून राहणे. त्याच्या आत काही सेंटिमीटर जाडीचा ईपीएसचा थर असतो. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोलच, फक्त जास्त दाट. एके काळी आपण ज्याची गणपतीची मखरे करायचो, तोच! तिसरा थर कापडी अस्तराचा, जो आपल्याला मऊ लागतो. तो फक्त आराम आणि मापासाठी असतो.

आता थोडे गणित. समजा डोके ताशी २७ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेसात मीटर वेगाने, रस्त्यावर आदळले. हेल्मेट नसताना ते समजा ३ मिलिमीटरमध्ये थांबले, तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी सुमारे ९५० पट धक्का बसतो. तेच डोके दाबल्या जाणाऱ्या थर्माकोलमुळे ३ सेंटिमीटरमध्ये थांबले, तर धक्का सुमारे ९५ पटींवर येतो. थांबायला दहापट अंतर मिळाले की धक्का दहापट कमी होतो. हेल्मेटाचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे.

"पण बाइक तर ऐंशीने जाते, मग चाचणी २७ ची का?" असा प्रश्न येतो. बहुतेक अपघातांत डोके थेट भिंतीवर आपटत नाही. माणूस पडतो आणि घसरत जातो. डोके जमिनीवर आदळण्याचा उभा वेग हा साधारण किती उंचीवरून पडलो यावर ठरतो. सेकंदाला साडेसात मीटर हा वेग जवळजवळ तीन मीटरवरून पडल्यावर मिळतो, म्हणजे बाइकवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीपेक्षा जास्तच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, थर्माकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट वरून कितीही चकाचक दिसले तरी बाद. दुसरी, आतला थर पातळ करून हेल्मेट 'स्लिम' आणि नाजूक केले, तर ते दिसते छान, पण थांबायला जागाच राहत नाही.

उपयोग किती होतो? जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ सालच्या अहवालानुसार हेल्मेटामुळे अपघातग्रस्त मोटरसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

पहिली पायरी: लेबल वाचा

न्यू साउथ वेल्समध्ये मोटरसायकलसाठी प्रामुख्याने दोन प्रकारची हेल्मेट चालतात:

- ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे मानक, एएस/एनझेडएस १६९८. याचे स्टिकर हेल्मेटवर असते.
- संयुक्त राष्ट्रांचे युरोपीय मानक, ईसीई २२.०५ किंवा नवे २२.०६. हे लेबल बहुधा हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेले असते.

युरोपीय हेल्मेट आपल्याकडे २०१५ सालापासून चालू लागली. त्याआधी इटलीतले एखादे सुरेख हेल्मेट मागवले तर ते घालणे इथे बेकायदा ठरायचे. आता निवड खूप वाढली आहे आणि हौशी मंडळींची सोय झाली आहे.

ईसीई लेबल वाचणे सोपे आहे. एका वर्तुळात इंग्रजी 'ई' अक्षर आणि त्यापुढे एक आकडा असतो. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स. खाली लांबलचक क्रमांक असतो. त्याची सुरुवात ०५ ने झाली तर २२.०५, ०६ ने झाली तर २२.०६. क्रमांकानंतर येणारी अक्षरे जरूर पाहा. 'जे' म्हणजे चेहरा उघडा ठेवणारे हेल्मेट. 'पी' म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षण देणारा. 'एनपी' म्हणजे हनुवटीसमोर काहीतरी आहे, पण ते संरक्षण देत नाही! वरून पूर्ण चेहऱ्याचे वाटणारे एखादे फॅशनेबल हेल्मेट प्रत्यक्षात 'एनपी' असू शकते.

२०२१ पासून अमलात आलेल्या २२.०६ मध्ये तिरक्या आघाताची चाचणी वाढवली आहे. पडताना डोके सरळ आपटते त्यापेक्षा बहुधा तिरके आपटते आणि गरकन फिरते. ही फिरकी मेंदूला फार घातक असते. काही हेल्मेटांत दिसणारा पातळ पिवळा थर हा यावरचाच एक उपाय. स्वीडनमधल्या संशोधकांनी काढलेल्या 'मिप्स' तंत्रात हा थर आघाताच्या वेळी १० ते १५ मिलिमीटर सरकतो आणि फिरकी कमी करतो. असाच परिणाम साधणारी इतर तंत्रेही आहेत.

फक्त अमेरिकेचे 'डॉट' स्टिकर असलेले हेल्मेट इथे चालत नाही. ऑनलाइन खरेदीत हे विशेष लक्षात ठेवा. सायकलचे हेल्मेटही मोटरसायकलवर चालत नाही. दोन्हींची मानके वेगळी आहेत. हेल्मेटशिवाय मोटरसायकल चालवली तर दंड आणि डिमेरिट पॉइंट्स लागतात, आणि लाँग वीकएंडच्या दिवसांत ते पॉइंट्स दुप्पट होतात. लर्नरच्या लायसन्ससाठी तेवढे पुरेसे असते!

किंमत आणि तारे

लेबल म्हणजे पास झाल्याचा दाखला. पण पस्तीस टक्क्यांनी पास की नव्वद टक्क्यांनी, ते लेबल सांगत नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियात 'क्रॅश' नावाचा उपक्रम आहे. तो दुकानातून हेल्मेट विकत घेऊन तपासतो आणि सुरक्षिततेला वेगळे व आरामाला वेगळे तारे देतो. आरामात वजन, आवाज, हवा खेळणे अशा गोष्टी येतात. ब्रिटनमध्ये २००७ पासून 'शार्प' ही सरकारी योजना असेच पाच ताऱ्यांत गुण देते. दोन्हींचे निकाल इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

हे निकाल चाळले की एक गोष्ट लगेच दिसते: किंमत आणि तारे हातात हात घालून चालत नाहीत. मध्यम किमतीच्या हेल्मेटांनाही उत्तम तारे मिळाले आहेत. महाग हेल्मेटात बरेचदा पैसे वजन कमी करण्याचे, आवाज कमी करण्याचे आणि रंगकामाचे असतात. तेही हवेच, पण मुलाच्या पहिल्या हेल्मेटासाठी बँक मोडायची गरज नाही.

दुसरी पायरी: आकार आणि रूप

दुकानात साधारण चार घराणी दिसतात:

पूर्ण चेहऱ्याचे: हनुवटीपर्यंत सगळे एकसंध कवच. १९६८ च्या जर्मन ग्रां प्री शर्यतीत अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नी असे हेल्मेट घालून उतरला, तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये ते नवलाचे होते. आज तेच सर्वसामान्य झाले आहे.

पुढचा भाग वर उचलता येणारे: चष्मेवाल्यांना आणि पेट्रोल पंपावर बोलायला सोयीचे. लेबलवर 'पी' आहे ना ते पाहा, आणि चालवताना पुढचा भाग बंद ठेवा.

चेहरा उघडा असणारे: स्कूटर आणि जुन्या पद्धतीच्या बाइकवर हे फार झोकात दिसते. जुन्या जमान्याचा चामडी पट्टा, गोल चष्मा वगैरे थाट यात असतो. कायद्याने हे चालते. पण जर्मनीतल्या एका गाजलेल्या अभ्यासात हेल्मेटावर झालेल्या आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या आणि जबड्याच्या भागात आढळले होते. तो भाग या हेल्मेटात मोकळाच असतो.

अॅडव्हेंचर प्रकारचे: पुढे छज्जा असलेले. मातीच्या रस्त्यावर ऊन आणि चिखल अडवते, मोटरवेवर मात्र वारा छज्जा पकडून मान ओढतो.

आमची शिफारस सरळ आहे. नव्या चालकासाठी पूर्ण चेहऱ्याचेच घ्या. जुन्या थाटाची आवड असेल तर तसे रूप असलेली पूर्ण चेहऱ्याची हेल्मेट हल्ली अनेक कंपन्या काढतात. १९७० च्या दशकाची झाक, एकरंगी पट्टे, चामड्याची किनार, आणि आत मात्र आजचे तंत्र. सौंदर्य आणि सुरक्षितता यांचे हे खरे लग्न!

आणखी एक. हेल्मेट बाहेरून गोल आणि गुळगुळीत असते ते दिसण्यासाठी नव्हे, तर रस्त्यावर अडकता घसरून जावे म्हणून. त्यावर बाहेरून चिकटवलेली शिंगे, मांजरीचे कान, रंगीत तुरे गमतीदार दिसतात, पण रस्त्यात अडकून डोके पिरगाळू शकतात. फेट्याला तुरा शोभतो, हेल्मेटाला नाही.

तिसरी पायरी: माप, आणि आपला अंबाडा

सर्वांत जास्त हेल्मेट मापात फसतात. आरशात छान दिसले, थोडे सैल आहे, "वाढत्या अंगाचे घेऊ" असे म्हणून आपण घेऊन येतो. शाळेच्या गणवेशाला ही युक्ती ठीक, हेल्मेटाला मुळीच नाही.

- भुवयांच्या वर साधारण एक इंचावर टेप धरून डोक्याचा घेर मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. प्रत्येक कंपनीचे 'मीडियम' वेगळे असते.
- घातल्यावर गाल थोडे आत दाबले गेले पाहिजेत. डोके हलवले की हेल्मेटाबरोबर कातडीही हलली पाहिजे.
- पट्टा बांधून मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे उपटून पाहा. निघाले तर ते तुमचे नाही.
- दुकानातच १५-२० मिनिटे घालून फिरा. कपाळावर एकाच जागी दुखू लागले तर डोक्याचा आणि हेल्मेटाचा आकार जुळत नाही. काही डोकी गोल असतात, काही लांबट. दुसऱ्या कंपनीचे बघा.
- चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा.

आपल्या मैत्रिणींसाठी खास सूचना. अंबाडा, उंच बांधलेली पोनीटेल किंवा मोठा क्लचर यामुळे हेल्मेट वर उचलले जाते आणि कपाळ उघडे पडते. मानेपाशी सैल वेणी घाला, आकडे आणि पिना काढून ठेवा. मोठी कानातली पर्समध्ये. दर रविवारी डोक्याला खोबरेल चोपडणाऱ्यांनी काढून धुता येणारे अस्तर असलेले हेल्मेट घ्यावे, म्हणजे महिन्याभराने त्याला वास येणार नाही.

चौथी पायरी: रंग, आणि इथे एक आश्चर्य

रंग ही केवळ हौस नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड भागात झालेला एक अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या हेल्मेटाच्या तुलनेत पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांचा अपघातात जखमी होण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला. चमकणारे किंवा फ्लुरोसंट कपडे घालणाऱ्यांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी होता. पांढरे हेल्मेट घालणारी माणसे मुळातच जपून चालवत असतील असेही म्हणता येईल, पण कारण समजायला कठीण नाही. "मला दिसलाच नाही" हे वाक्य अपघातानंतर गाडीवाल्यांकडून नेहमी ऐकू येते. ड्युरलच्या पुढे झाडांच्या सावलीत काळे हेल्मेट, काळे जाकीट आणि काळी बाइक म्हणजे सावलीतली सावलीच.

म्हणजे देखणे हेल्मेट हवे असणाऱ्या मुलांना आपण चक्क "घे रंगीत!" असे म्हणू शकतो. शर्यतींच्या दुनियेत तर हेल्मेट म्हणजे खेळाडूची ओळखच. ब्रिटिश विश्वविजेता बॅरी शीन, जो पुढे क्वीन्सलँडमध्ये स्थायिक झाला, त्याच्या हेल्मेटावर डोनाल्ड डक असायचे. इटलीच्या व्हॅलेंटिनो रोसीने २००८ च्या मुजेलो शर्यतीत डोक्यावर स्वतःचाच डोळे विस्फारलेला चेहरा रंगवून घेतला होता. ते चित्र आल्डो द्रुदी या कलाकाराचे. अशा गाजलेल्या रंगसंगतींच्या प्रतिकृती असलेली हेल्मेट दुकानात मिळतात, आणि त्यावर मानकाचे लेबलही असते. पांढरा, पिवळा, केशरी, फ्लुरोसंट हिरवा यांतले काही असले तर उत्तमच.

घरी रंगवायचे असेल तर मात्र थांबा. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट कवचाला काही रंगांतले थिनर कमकुवत करतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या स्टिकरांच्या गोंदाबाबतही हीच काळजी घ्या. आधी कंपनीचे पुस्तक वाचा, शंका असल्यास आयते रंगवलेलेच घ्या. काळी किंवा आरशासारखी काच दिवसा झकास दिसते, पण संध्याकाळी परतताना तिच्यातून समोरचा रस्ता दिसत नाही. पारदर्शक काच बरोबर ठेवाच.

भारतातून आणावे का? भारतात न्यावे का?

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. भारतात हेल्मेटचा मोठा उद्योग आहे. फरिदाबादची स्टड्स, आणि आपल्या सीमाभागातली, बेळगावची वेगा ही नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. १९८२ साली बेळगावात सुरू झालेल्या वेगाची रंगीबेरंगी हेल्मेट पुण्या-कोल्हापूरच्या रस्त्यांवर जागोजागी दिसतात. भाव पाहून "येताना दोन घेऊन येऊ" असे वाटणे साहजिक आहे.

पण नियम असा: भारतात आयएसआय चिन्ह लागते (मानक आयएस ४१५१), आणि ते एकटे चिन्ह न्यू साउथ वेल्समध्ये चालत नाही. भारतीय हेल्मेटावर ईसीईचे लेबलही असेल तरच ते इथे घाला. म्हणून बॅगेत भरण्याआधी पट्टा उलटून बघा.

उलट बाजूही तितकीच खरी. पुण्याच्या भाच्याला वाढदिवसाला सिडनीहून महागडे हेल्मेट नेले, तरी त्यावर आयएसआय चिन्ह नसेल तर तिथल्या कायद्यानुसार ते ग्राह्य नाही. १ जून २०२१ पासून भारतात दुचाकीचे बिगर-आयएसआय हेल्मेट बनवायला आणि विकायलाही बंदी आहे. भाच्याला पैसे पाठवा, आणि बेळगावचेच घ्यायला सांगा!

सुट्टीत गेल्यावर काय?

आता जरा नाजूक विषय. इथे रांगेत सीटबेल्ट लावणारे आपण पुण्याला उतरलो की दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या अॅक्टिव्हावर मागे बसून बिनहेल्मेटचे लक्ष्मी रोडला जातो. "दोन आठवड्यांसाठी कशाला?" पुणे आणि हेल्मेटसक्ती यांचे भांडण तर जुनेच आहे. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हाही विरोधात मोर्चे निघाले. मान दुखते, केस गळतात, गावात वेग कुठे असतो, ठेवायचे कुठे, अशी कारणे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत.

ठेवायची अडचण खरी आहे. मानेचे म्हणाल तर हेल्मेटामुळे अपघातात मानेची दुखापत वाढते असा ठोस पुरावा वर सांगितलेल्या आढाव्याला मिळाला नाही. आणि गावातल्या कमी वेगाचे उत्तर वरच्या गणितात आहे: ताशी २७ किलोमीटर!

भारत सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक रस्त्यावर मरण पावले. त्यातले ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. म्हणजे रोज सुमारे ३९ माणसे नुसती मागे बसलेली. या दुसऱ्या आकड्यात सुट्टीवर आलेला पाहुणा सहज बसू शकतो.

भारतीय कायद्यात चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट लागते, आणि चार वर्षांवरील मुलांनाही. त्याहून लहान मुलांसाठी २०२२ मध्ये केलेला नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला: मापाचे हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. इथे न्यू साउथ वेल्समध्ये तर आठ वर्षांखालच्या मुलाला बाइकवर मागे बसवताच येत नाही, फक्त साइडकारमध्ये चालते. नातवंडाला स्कूटरवर पुढे उभे करून चक्कर मारण्याचा आजोबांचा उत्साह आपण जाणतो, पण तिथे प्रेमाने "नको बाबा" म्हणायला हवे.

प्रवासाच्या विम्याची कागदपत्रेही एकदा वाचा. हेल्मेट नसेल किंवा मोटरसायकलचे योग्य लायसन्स नसेल तर दुचाकीच्या अपघाताचा खर्च न देण्याची अट अनेक पॉलिसींत असते. सोपा उपाय म्हणजे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी तिथल्या दुकानातून घरातल्या पाहुण्यांसाठी दोन आयएसआय हेल्मेट घ्या आणि परतताना तिथेच ठेवा. पुढच्या पाहुण्याला कामाला येतील.

निगा

- कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. पेट्रोल, थिनर, काच पुसायचे तीव्र द्रव नकोत.
- बाइकच्या आरशावर लटकवू नका, आतला थर्माकोल दबतो.
- उन्हात बंद गाडीत दिवस दिवस ठेवू नका.
- साधारण पाच वर्षांनी बदला. घाम, तेल आणि ऊन यांनी आतले भाग झिजतात.
- सेकंडहँड घेऊ नका. त्याचा इतिहास आपल्याला माहीत नसतो.
- पट्टा प्रत्येक वेळी बांधा. न बांधलेले हेल्मेट अपघातात डोक्याच्या आधी निघून जाते.

जाता जाता

आपल्याकडे डोक्यावरच्या वस्त्राला नेहमीच मान होता. पुणेरी पगडी, कोल्हापुरी फेटा, वारकऱ्याची टोपी. बघताच माणूस कुठला ते कळायचे. आजच्या मुलामुलींनी हेल्मेटातून आपली ओळख दाखवली तर त्यात वावगे काय? तेव्हा आई-बाबांनो, पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा रंगावरून वाद घालू नका. पट्टा उलटून लेबल वाचणे, तारे तपासणे आणि मागून उपटून बघणे एवढे तुमच्याकडे ठेवा. त्या परीक्षेत पास झालेल्या हेल्मेटांतून कोणते घ्यायचे ते मुलांना ठरवू द्या. स्वतः निवडलेले हेल्मेट कोणी न सांगता डोक्यावर चढते.

सर्वांना सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा!